कोमलची बातमी

शालूताई,

कोमल कुत्र्याला भीत नाही, ही बातमी मी बनवली होती.

परवा निकालाच्या दिवशी गावासमोर मी एवढंच म्हणालो, की गेल्या वर्षी ती मी न पाहता सांगितली. लोकांना ते पटलं. माणसाच्या हातून चूक होते, मास्तर झाला म्हणून काय झालं. पण त्या सकाळी तुम्ही आणि मी शाळेच्या वरांड्यात उभे होतो, तुम्ही विचारलं, "पाह्यलं का?" आणि मी म्हणालो, "हो." याला चूक म्हणत नाहीत. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, घरी बायकोलाही नाही. तुम्हाला सांगायचं म्हणून वर्षभर जिभेवर घेऊन फिरलो, आणि मार्चमध्ये तुम्हीच गेलात.

आता तुमच्याशीच बोलताना आपल्या शाळेची ओळख करून द्यायची म्हणजे तुम्हाला हसू येईल. पण हे इतरही वाचतील, म्हणून थोडं सोसा. नांदुऱ्याहून वडनेर भोलजीकडे निघालं की मध्ये एक फाटा लागतो, तिथून आत आपलं गाव. चार वर्ग, दोन शिक्षक. पहिली-दुसरी तुमची, तिसरी-चौथी माझी. तुम्ही स्कूटीवर पुढे, मी मोटारसायकलवर मागे. मोटारसायकल असून मी मागे कसा, हे गावात कुणीच विचारत नसे.

इतर शाळांत महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन झालं की मुलांच्या हातात प्रगतिपुस्तक आणि एक चॉकलेट पडतं, आणि सुट्टी लागते. आपल्याकडे त्या दिवशी गाव यायचं. बायका भाकरी लवकर उरकून यायच्या, म्हातारे कडुलिंबाखाली जागा धरायचे. कारण झेंडावंदनानंतर तुम्ही ओट्यावर उभ्या राहायच्या आणि बातम्या सांगायच्या. प्रत्येक मुलाची वर्षभराची एक बातमी. हातात कागद नाही, समोर माईक नाही. पहिला कोण, दुसरा कोण, याचा उल्लेख नाही. आणि नियम एकच: डोळ्यांनी पाहिलेलीच बातमी सांगायची. कुणाकडून ऐकलेली नाही.

"साहिल पैलीत आला तवा रोज रडे. आता थो रडत नाई. आता त्याची माय फाटकापाशी रडते." साहिलची आई पदर तोंडावर घेऊन हसायला लागली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"प्रणव यंदा कितीक खेप आऊट झाला, पण बॅट घेऊन घरी नाई गेला." टाळ्या.

"राधिकानं खिचडीतला वाटाणा खाल्ला. सगळा. मी पाह्यलं." राधिकाच्या बापाने उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या त्या वर्षी, जणू पोरगी कलेक्टर झाली.

आणि ते सरपंचांच्या नातवाचं. तुम्ही सरळ सांगून मोकळ्या झालात, "आदित्यनं यंदा पैल्यांदा 'चुकलं माह्यं' म्हटलं. पाण्याच्या टाकीपाशी." सरपंचांना रागावावं की टाळी द्यावी ते कळेना. तेवढ्यात मागून त्यांच्याच बायकोचा आवाज आला, "त्याच्या आज्यानं घरी अजून नाई म्हटलं व माय!" त्यानंतर पाच मिनिटं कार्यक्रम थांबला होता.

केंद्रप्रमुख साहेब एकदा मुद्दाम बघायला आले. म्हणाले, "मॅडम, हे सगळं ठीक आहे, पण यात गुणवत्ता कुठे दिसते?" तुम्ही हात जोडलेत आणि गावाकडे वळून म्हणालात, "आता साहेबाची बातमी. साहेबानं आपली खिचडी दोन डाव घेतली. मी पाह्यलं." साहेब हसले, काय करतील. पुढच्या वर्षी न बोलावता आले.

तुम्ही मलाही सोडलं नाहीत. पहिल्या वर्षी माझी बातमी होती, "इंगळे सर यंदा एक खेप सोताहून बोलले." मी खरंच तसा आहे. घरात पाहुणे आले की मी गच्चीवर टाकी बघायला जातो. दुसऱ्या वर्षी, "सर हासले. दात दिसले." मग तर गावात मला लोक मुद्दाम विनोद सांगायला लागले, दात दिसतात का बघायला.

मला या बातम्या मनातून पटत नव्हत्या, हे तुम्हाला ठाऊक आहे. दर वर्षी एप्रिलमध्ये, सकाळची शाळा सुटल्यावर, आपलं तेच भांडण. मी म्हणायचो, ज्याला चांगले गुण पडले त्याचं नाव घ्यायला नको? त्याने मेहनत केली आहे. तुम्ही म्हणायच्या, "त्याचे गुण त्याच्या पुस्तकात लेयेले हायेत ना जी भाऊ. ज्याचं काहीच कुठी लेयेलं नाई, त्याचं कोण सांगीन?" मग मी भाषेवर यायचो. निदान प्रमाण भाषेत तरी सांगा, वरचे लोक येतात, कुणी मोबाइलवर टिपून घेतं. त्यावर तुमचं उत्तर, "ज्याची बातमी त्याले समजली पायजे. पुण्याच्या माणसाले कायले समजावून राह्यले तुमी?" भांडण मिटायचं नाही. तुम्ही डब्यातली ठेचा-पोळी माझ्यापुढे सरकवायच्या आणि ते पुढच्या वर्षावर जायचं.

आता गेल्या वर्षीच्या त्या सकाळबद्दल सांगतो.

माझ्या वर्गाच्या बातम्या मी तुम्हाला सांगायच्या आणि तुम्ही त्या डोक्यात ठेवायच्या, ही आपली रीत. तुम्ही वरांड्यात पताका बांधत होतात. मी एकेक नाव घेत होतो. प्रत्येकाला तुम्ही विचारायच्या, "पाह्यलं का?" आणि मी खरंखुरं "हो" म्हणायचो. मग तुम्ही म्हणालात, "कोमलची?"

ताई, माझ्याकडे काही नव्हतं. कोमल तिसरीतली, खिडकीजवळ दुसऱ्या ओळीत बसणारी, दोन वेण्या. हजेरीला "उपस्थित" म्हणायची, वही वेळेवर द्यायची, गुण बरे. सबंध वर्षात तिने मला एकदाही त्रास दिला नव्हता, आणि म्हणून मी तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. मी स्वतः लहानपणी तसाच होतो, हे तेव्हा सुचलं असतं तरी पुरे होतं. सुचलं नाही. तुम्ही सुतळी दातात धरून माझ्याकडे बघत होतात. लांब, गिरणीच्या बाजूला, कुठंतरी कुत्रं भुंकत होतं.

"कोमल कुत्र्याला भीत नाही," मी म्हणालो.

तुमच्या तोंडातून सुतळी पडली. "आँ? एवढुशी पोरगी? पाह्यलं का?"

"हो."

तुम्ही इतक्या खूश झालात की मला मागे घेता आलं नाही. आणि मग ओट्यावरून तुम्ही ती बातमी काय सांगितलीत! "आपली कोमल! बोलत नाई, चालत नाई, आपल्याले वाटे गरीब गाय हाये. पण कुत्र्याले भेत नाई! गिरणीवाल्याच्या शेरूलेबी नाई!" शेरूचं तुम्ही पदरचं घातलंत, पण सुरुवात माझी होती. टाळ्यांचा नुसता कडकडाट. कोमल मान खाली घालून उभी. मला वाटलं, लाजली.

मग तुम्ही माझी बातमी सांगितलीत. "अन् इंगळे सराची बातमी. सर यंदा पोराइले पाहाले शिकले."

लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी हसलोसुद्धा. दात दिसले असतील.

आपल्या बातम्यांवर गावाचा विश्वास किती, हे मला त्या जूनपर्यंत समजलं नव्हतं. मॅडमनं सांगितलं म्हणजे ते तसंच. त्यामुळे शाळा उघडल्यापासून मळ्यातल्या वस्तीवरची सगळी पोरं कोमलच्या मागे चालायला लागली. गिरणीपासून शाळेपर्यंत शेरूचं राज्य, आणि पोरांना आता वाली मिळाला होता. मी हे ऐकलं तेव्हा गंमत वाटली. म्हटलं, बरं झालं, पोरीचं नाव झालं.

पोळ्याच्या आधी एका सकाळी मी लवकर आलो होतो. शाळेच्या भिंतीआडून ती रांग येताना दिसली. पुढे कोमल, मागे पोरं एकमेकांची दप्तरं धरून, आगगाडीसारखी. शेरू गिरणीच्या पायरीवरून उठला, गुरगुरला. मागच्या पोरांनी ओरडून सांगितलं, "हाकल व कोमल! हाकल त्याले!" कोमलचे डोळे गच्च मिटलेले होते. फ्रॉकची कड मुठीत. ती तशीच डोळे मिटून चालत आली, शेरू बाजूला झाला, पोरं जिंकल्यासारखी ओरडत आत पळाली. कोमल पाण्याच्या टाकीमागे गेली आणि गुडघे पोटाशी घेऊन बसली.  थोड्या वेळाने उठली, तोंड धुतलं आणि प्रार्थनेला येऊन उभी राहिली. रोजच्यासारखी, दुसऱ्या ओळीत.

मी सगळं पाहिलं आणि जाऊन घंटा वाजवली.

त्याच दिवशी तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही मला फाडून खाल्लं असतं आणि दुपारपर्यंत काहीतरी रस्ता काढला असतात. तेवढ्यालाच मी भ्यालो. नंतर रोज उशीर झाला होता, आणि उशीर झालेल्या माणसाला गप्प बसणं फार सोपं जातं. मी दुसराच मार्ग काढला. रोज मुद्दाम लवकर निघून पोरं पुढे जाईपर्यंत गिरणीपाशी मोटारसायकल थांबवायला लागलो, टायरात हवा बघितल्यासारखं करत. तुम्ही विचारलंतही, "काऊन जी भाऊ, आजकाल माह्या पुढं?" मी म्हणालो, रस्ता मोकळा असतो.

मग दिवाळीनंतर ती पिल्लं झाली. आठवतं? खिचडीच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांमागे. कुत्री दात विचकून बसलेली, स्वयंपाकवाल्या काकू दारात डाव घेऊन उभ्या, "म्या नाई जात व मॅडम, मले लेकरं हायेत." आणि तुम्ही, काय तुमचा उत्साह, माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन हाक मारलीत, "कोमल! ये बरं बाई. तुह्यंच काम हाये."

कोमल उठली. नाही म्हणाली नाही. दोन पावलं चालली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. सबंध दीड वर्षात तिने माझ्याकडे सरळ पाहिलेलं ते पहिल्यांदा.

"मी हलवतो," मी म्हणालो, आणि टोपली घेऊन आत घुसलो.

पुढचं गावभर झालेलंच आहे. चारही पिल्लं मी बाहेर काढली आणि कुत्रीने माझ्या पोटरीचा घास घेतला. काकूंनी डाव फेकला तो कुत्रीऐवजी मला लागला. तुम्ही हसत हसत रडत होतात आणि रडत रडत शिव्या देत होतात. "घरात वाघीण असून मांजराले कायले पाठवा लागते!" पोरांनी हे महिनाभर पुरवलं. नांदुऱ्याच्या दवाखान्यात इंजेक्शन घ्यायला तुम्हीच घेऊन गेलात मला, स्कूटीवर मागे बसवून. रांगेत बसलो होतो. तुमचं हसू ओसरलं होतं. तुम्ही एकदम म्हणालात, "भाऊ, कोमल असतानी तुमी काऊन गेले?"

"असंच."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग पिशवीतून संत्रं काढलंत, सोललंत, अर्धं मला दिलंत आणि दुसरंच काही बोलायला लागलात. त्यानंतर तुम्ही कोमलला कुत्र्याचं कुठलंही काम सांगितलं नाहीत. तुम्हाला कळलं होतं का? मी सांगेन म्हणून वाट बघत होतात का? हे आता मला समजणार नाही. समजायला नको असंही कधी कधी वाटतं.

फेब्रुवारीत संमेलन झालं. तुम्ही पहिलीच्या पोरांना भेंडी, वांगं, दोडका करून नाचवलंत. वांग्याचा मुखवटा मागे फिरला आणि तो स्टेजवरून थेट प्रेक्षकांत चालत गेला. चौथीने निरोपाला या वर्षीही भिंतीवरचं घड्याळच दिलं. शाळेत आता इतकी घड्याळं आहेत की कोणत्याही वेळी एक तरी बरोबर असतं, असं तुम्ही म्हणालात. कोमलने ते घड्याळ तुमच्या हातात दिलं होतं. तुम्ही तिच्या डोक्यावरून हात फिरवलात. मी बाजूलाच उभा होतो.

आणि मग मार्चमधली ती सकाळ. फाट्यावर मी थांबलो, स्कूटी आली नाही, फोन आला. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

दहाव्या दिवसानंतर शाळा व्यवस्थापन समितीचे लोक आले. माझ्यासमोर बसले, चहा घेतला. शेवटी साहिलची आई म्हणाली, "सर, मॅडम नाईत मंग यंदा बातम्याबी नाईत का?" मी म्हणालो, मला नाही जमणार. ती म्हणाली, "मॅडमलेबी पैल्या वर्षी कुठी जमल्या होत्या? आमीच टाळ्या वाजवून वाजवून शिकवलं त्याइले."

हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं, ताई.

तुमच्या जागी कुणी आलेलं नव्हतं. चारही वर्ग माझ्याकडे. आणि तुमच्या पहिली-दुसरीच्या बातम्या तुमच्या डोक्यात होत्या, त्या तुमच्याबरोबर गेल्या. मी एप्रिलभर तुमच्या वर्गात बसून पाहायला लागलो. नुसतं पाहायचं. माझ्या नोकरीत मी इतका कधी हसलो नाही. पहिलीतला वेदांत पेन्सिलीला टोक करताना जीभ बाहेर काढतो आणि जितकी पेन्सिल झिजते तितकी जीभ लांब होते. दुसरीतली श्रावणी रोज आपल्या लहान भावाला अंगणवाडीत सोडते, आणि शाळेत येऊन दोन मिनिटांनी "सर, थो रडत असीन" म्हणून परत जाते. तो रडत नसतो. ही रडत परत येते. तुमची आठवण काढून पोरं रडतील म्हणून मी घाबरलो होतो. ती रोज तुमच्या खुर्चीवर बसायला भांडत होती आणि जो बसेल तो तुमच्यासारखा म्हणत होता, "चूप बसा रे, डोकं खाल्लं माह्यं!" हुबेहूब.

सगळ्यांच्या बातम्या झाल्या. कोमलची राहिली.

तिच्याकडे पाहायला गेलो की मला माझंच काम दिसायचं. शेरू, मिटलेले डोळे, टाकीमागची बैठक. तिने मान वर केली की मी फळ्याकडे वळायचो. आणि दिवस जवळ येत होते. जूनमध्ये ती पाचवीला वडनेरला जाणार. फाट्यापर्यंत पायी, पुढे ऑटो. फाट्यावर ढाब्याची कुत्री. आणि तिथेही पोरं तिलाच पुढे घालणार, कारण मॅडमनं सांगितलेलं होतं. मी बोललो तर गाव म्हणेल, एक बातमी खोटी, तर बाकीच्या कशावरून खऱ्या? साहिलची, राधिकाची, प्रणवची. तुमची इतक्या वर्षांची पुण्याई मी एका दिवसात मातीत घालणार. आणि न बोललो, तर ते ओझं ती पोर आणखी किती वर्षं वाहील कोण जाणे.

शेवटच्या पेपराच्या दिवशी मी तिला थांबवलं. तुम्ही लावलेल्या कढीपत्त्यापाशी.

"कोमल, गेल्या वर्षीची तुझी बातमी आठवते?"

"हाव सर."

"ती खरी नव्हती. मी पाहिलं नव्हतं."

"मले माहीत हाये ना सर," ती म्हणाली. "मीच तं भेतो."

मी ओशाळलो. "मग तू सांगितलं का नाहीस कुणाला?"

"मॅडमनं सांगतलं होतं ना."

 मी विचारलं, सगळ्यांसमोर सांगितलं तर चालेल का. तिने कढीपत्त्याचं एक पान तोडलं, दुमडलं, परत उलगडलं. "पोट्टे हासतीन," म्हणाली. मग जरा थांबून, "पण सांगा सर. वडनेरले लय कुत्रे हायेत."

परवा झेंडावंदन झालं आणि मी ओट्यावर चढलो. गाव आलं होतं, नेहमीपेक्षा जास्त. मी सुरुवात केली, "उपस्थित ग्रामस्थ आणि विद्यार्थी मित्रहो, या शैक्षणिक वर्षात..." पहिल्या ओळीतून कोमलची आजी ओरडली, "ओ सर! आपल्या बोलीत सांगा ना जी! हे काय रेडिओ लावला?" झालं. तुमचं-माझं एक भांडण तिथेच तुम्ही जिंकलात. माझी बोली इतक्या वर्षांत गंजली होती, पण आली. वेदांतची जीभ सांगितली, श्रावणीचं रडणं सांगितलं. टाळ्या पडत गेल्या. मला घाम फुटला होता आणि मजाही वाटत होती. ओट्यावरून सगळे चेहरे दिसतात, हे तुम्ही म्हणायच्या ते खरं आहे.

मग मी म्हणालो, "मागच्या साली कोमलची बातमी मॅडमनं सांगतली होती. थे बातमी खोटी होती. मॅडमची चूक नाई. मी न पाह्यता सांगतली. कोमल कुत्र्याले भेते. लय भेते. अन् तरी वर्षभर तुमचे पोट्टे तिच्या मागं चालले."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. 

"तरी म्हनो मी!" आजीच पुन्हा. "तरी म्हनो, या पोरीचं शाळेच्या टायमालेच काऊन पोट दुखते! मी पाजून राह्यली ओवा!"

मागून गिरणीवाला उठला, खरोखर दुखावल्यासारखा. "अन् माह्या शेरूले कायले भेता बाप्पा तुमी? त्याले तं दातबी राह्यले नाईत. थो भाकर पाण्यात कालवून खाते."

त्यानंतर जे हसू सुटलं ना ताई, ते तुम्ही असतात तर तुम्हाला धरून ठेवावं लागलं असतं. पोरं हसली, पण कोमलला नाही, शेरूला. आदित्य उभा राहून म्हणाला, "मीबी भेतो. म्हणूनच तं मागं चालो." मग प्रणव म्हणाला, तोही भितो. मग एकेक सगळेच, हात वर करून, जणू मी हजेरी घेत होतो. कोमल हसली. आत कुठेतरी गच्च धरलेलं सुटावं तशी, खांदे खाली टाकून. बाकीच्या बातम्यांवर कुणी बोट दाखवलं नाही. मी उगाच भ्यालो होतो. तुमचं नाव इतकं कच्चं नव्हतं.

आणि मग साहिलच्या आईने विचारलं, "मंग यंदाची सांगा ना सर तिची!"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं, कोमलही. भीत असून पुढे चालली, हीच बातमी म्हणून खपली असती. लोकांनी टाळ्यांनी मैदान डोक्यावर घेतलं असतं. पण त्या रस्त्यावर तिला मीच ढकललं होतं. ती माझी करणी होती, तिची बातमी नव्हती. तिची, तिच्या मनाची, तिने आपण होऊन केलेली एक गोष्ट मला सांगायची होती. दोन वर्षं ती माझ्यासमोर बसली होती. पहिल्या वर्षी मी लक्ष दिलं नाही, आणि दुसऱ्या वर्षी लाजेने नजर चुकवली.

बनवायला एक क्षण लागला असता. ओठांवर दोन-तीन आल्याही होत्या.

"नाई माह्यापाशी," मी म्हणालो. "मी पाह्यलं नाई."

 कोमल पुढे आली, माझ्या हातून प्रगतिपुस्तक घेतलं आणि हळूच म्हणाली, "नसली तरी चालते सर." आणि आजीजवळ जाऊन बसली.

माझी बातमी यंदा कुणी सांगितली नाही. ते बरोबरच होतं. मी ओट्यावरून उतरलो, पोरांना लिंबाचं सरबत वाटलं, घड्याळं पुसली, कुलूप लावलं. घरी येऊन बायकोला म्हणालो, बातम्या झाल्या. ती म्हणाली, "आवाज बसला की तुमचा!" मी बराच वेळ बोललो त्यानंतर. तुमच्याबद्दल. तिला फार नवल वाटलं.

ताई, तुमच्यावर रुसावं असंही खूप आहे. न सांगता गेलात. त्या दवाखान्यात मला आणखी एकदा विचारलं नाहीत. पण तुम्ही मला पोरांसमोर नेऊन बसवलंत, आणि या वयात मला त्यांची गोडी लागली. याचे आभार मानायला तुम्ही समोर असतात तर मी पुन्हा टाकी बघायलाच गेलो असतो.

कोमलची एक बातमी माझ्याकडून द्यायची राहिली आहे. ती आता माझ्या वर्गात नाही, तरी तिच्याकडे पाहून ती मला द्यायची आहे. दोन वर्षांचं तिचं हे देणं माझ्यावर आहे, आणि ते अजून फिटलेलं नाही.